गोधडीतली लागर

इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या त्या घरात माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे एअरिंग कपबोर्ड. जिना चढून वर गेलं की लँडिंगवर एक लाकडी कपाट, आत गरम पाण्याची टाकी. टॉवेल उबदार राहावेत म्हणून केलेलं. आम्ही त्यात इडलीचं पीठ ठेवायचो. तिथल्या थंडीत पीठ दोन-दोन दिवस ढिम्म हलायचं नाही. कॉलिंग कार्ड घासून आईला फोन लावला तर ती म्हणाली, "गोधडीत गुंडाळून उबेला ठेव की रे." तेव्हापासून तिनं माझ्या बॅगेत कोंबलेली गोधडी त्या कपाटातच राहायला गेली.

मी कराडकडचा. घरात माझ्यासोबत राहणारा नागपूरचा, माझ्याच प्रोजेक्टवर. आणि भिंतीला भिंत लागून एक आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्यांची फुप्फुसं पार कामातून गेलेली. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायचे, शिट्टीसारखा बारीक श्वास आत ओढायचे आणि मग उरलेलं वाक्य. रोज सकाळी मी बसला निघालो की कुंपणापलीकडून "मॉर्निंग," मग शिट्टी, मग "यंग मॅन." ऑफिस आणि घर सोडलं तर त्या अख्ख्या गावात माझ्याशी बोलणारं हे एवढं एकच माणूस. मला ते दोन शब्द दिवसभर पुरायचे.

एकदा आमच्या रिसायकलिंगच्या पेटीतले बिअरचे कॅन बघून ते म्हणाले, हे पाणी कशाला पिता, घरी करा. गॅरेजमधून झाकणाची एक मोठी पांढरी बकेट आणून दिली. झाकणावर प्लॅस्टिकची वाकडी नळी, तिला एअरलॉक म्हणतात. तिच्यात जरासं पाणी घालायचं, मग आतला गॅस बुडबुडत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत जात नाही.

शनिवारी हाय स्ट्रीटवरून लागरचं, म्हणजे फिकट सोनेरी बिअरचं, किट आणलं. डबा उघडला आणि मी थेट गुऱ्हाळात जाऊन उभा राहिलो. काकवीच ती. तशीच काळपट, तशीच चमच्यावरून आळसावत उतरणारी. ती बकेटमध्ये ओतली, वर उकळतं पाणी, किलोभर साखर, मग खुणेपर्यंत नळाचं गार पाणी, शेवटी किटमधली यीस्टची पुडी. वास फार झाला म्हणून किचनची खिडकी सताड उघडली.

मी ढवळत होतो. नागपूरकर वॉशिंग मशीनवर बसून म्हणाला, "म्हातारा पाहिल तर काय म्हणंल बे?"

शाळेत हेडमास्तरांच्या गुळण्यांपासून एसटी कंडक्टरच्या डबल बेलपर्यंत सगळ्याच्या नकला काढायचो मी. मला कोणी असं विचारायला नको. मी खांदे वर घेतले, शिट्टी आत ओढली. "यंग मॅन... आर यू मेकिंग..." पुन्हा शिट्टी, जरा जास्तच लांब, "...सूप?"

नागपूरकर पोट धरून मशीनवरून घसरला. मी अजून एकदा केलं. तेव्हा खिडकीबाहेर नजर गेली. कुंपणाशी आजोबा उभे होते, हातात टोमॅटोच्या रोपांचा ट्रे. बहुतेक बकेट कशी चाललीय ते बघायला आले असावेत. त्यांनी ट्रे खाली ठेवला, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि आत गेले.

सोमवारी मॉर्निंग नाही. मंगळवारीही नाही. मी मुद्दाम गेटची कडी दोनदा वाजवली. रोपांना पाणी घालत होते, पाणीच घालत राहिले.

बकेट अर्थातच गोधडीत गुंडाळून कपाटात गेली होती. किटमधल्या कागदावर वीस डिग्रीच्या आसपास ठेवा असं छापलेलं. नागपूरकर म्हणाला, "वीसमध्ये तर पीठ पण नाही फुगत. इंग्रजाले आंबवायचं काय समजते?" मला ते शंभर टक्के पटलं.

आणि बुडबुडायला तर ती लगेच लागली. ऑफिसमधून आलो की मी बूटही न काढता लँडिंगच्या कार्पेटवर आडवा व्हायचो. उन्हाळ्याची सुरुवात होती, संध्याकाळ संपता संपायची नाही. जिन्याच्या खिडकीतून पिवळं ऊन यायचं, त्यात धूळ तरंगत असायची. कपाटाच्या फटीतून पावाचा वास, पिकल्या केळ्यांचा वास. ब्लप. मग शांतता. मग ब्लप. डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत वाटायचं, आत आजोबाच बसलेत, आईची गोधडी पांघरून. अर्धं वाक्य बोलून झालंय, उरलेलं यायचंय. मी त्या उरलेल्या अर्ध्याची वाट बघत पडून राहायचो, आणि ते यायच्या आत ऊन भिंतीवरून निघून जायचं.

सहाव्या दिवशी बुडबुड बंद. दोन-चार दिवस तशीच ठेवून आम्ही ती कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरली, प्रत्येकीत चिमूट-चिमूट साखर, म्हणजे फेस येतो. बाटल्याही उबेलाच. दोन आठवडे थांबायचं होतं. तेवढ्या वेळात मी माफीची तयारी केली. आरशासमोर, बातम्या देणाऱ्या गोऱ्याच्या आवाजात. मग आमच्या मॅनेजरच्या, मग ट्रेनच्या अनाउन्समेंटवाल्या बाईच्या.

बाथरूमच्या दारातून नागपूरकर म्हणाला, "काय करून राहिला बे?"

"सॉरी म्हणतोय."

"मग तुझ्या आवाजात म्हण ना."

मी तोंड उघडलं. काही येईना. सगळ्यांचे होते, माझाच सापडत नव्हता.

"काऊन बे, तुझ्या आवाजाले गिऱ्हाईक नाही का?" असं म्हणून तो दात घासायला लागला.

रविवारी दुपारी बाटली घेऊन मी त्यांच्या मागच्या दाराशी गेलो. ते पायरीजवळ खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"मी तुमचा श्वास केला," मी म्हणालो. आवाज तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या पोराचा होता, म्हणजे माझाच असावा. "तो फनी नव्हता. आय ॲम सॉरी."

"तुझ्या मित्राला वाटला."

"त्याला सगळंच वाटतं."

ते उठले. आत जाऊन दोन ग्लास घेऊन आले. मी ओतली. रंग चांगला होता, फेसही होता. त्यांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडात धरला.

"केळं," ते म्हणाले. "कुठे ठेवली होतीस?"

मी हातांनी दाखवलं. कपाट. टाकी. गोधडी.

"क्विल्ट?"

"आईची."

ते हसायला लागले. हसू मध्येच खोकला झालं, खोकल्यानं ते पुढे वाकले, एक हात दाराच्या चौकटीवर. मला काय करावं कळेना. नजर वळवावीशी वाटली, पण वळवली नाही. शिट्टी आत गेली, परत एकदा गेली.

"लागरला गारठा हवा असतो, यंग मॅन," ते म्हणाले. "आणि तू तिला..." पुन्हा श्वास, "...झोपवलंस."

दुसरा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि भिंतीशी टेकवलेली दुसरी खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसलो. बागेत कसला तरी पांढरा कापूस तरंगत होता. खालीही येत नव्हता, वरही जात नव्हता.

"पुढची बकेट," ते म्हणाले, आणि थांबले.

मी माझा ग्लास मांडीवर धरून बसून राहिलो. घाई नव्हती कसलीच. तो कापूस कुंपण ओलांडून आमच्या बाजूला गेला.

"माझ्या गॅरेजमध्ये ठेव."