टँकरचा पाइप

योगवर्गात शवासनात पडले, की चटईच्या रबराचा वास येतो आणि मी दुष्काळातल्या बजाजनगरात जाऊन पोहोचते. आठ वर्षांची मी टँकरचा रबरी पाइप आमच्या पिंपात धरून उभी होते. तो हिसका देऊन निसटला आणि आमच्या वाट्याचे आठवड्याचे पाणी मातीत गेले.

"हिच्या हातात काय टिकतंय व्हय?" आई साऱ्या गल्लीदेखत म्हणाली. मग गुडघे टेकून ती पदराने तो चिखल टिपू लागली, घागरीत पिळू लागली. तेव्हा मला केवळ तिचे शब्द ऐकू आले. पदर पिळणारे तिचे हात आज दिसतात, ती नसताना.

"ताई, मूठ सैल सोडा," शिक्षिका हलकेच म्हणतात.

"सोडते," मी म्हणते. बोटे मात्र तो पाइप अजून सोडत नाहीत.