लिफ्टमनचा जिना

आमचे बाबा लिफ्टमन. आई गेल्यावर त्यांचं कशात लक्ष लागेना. दिवसभर स्टुलावर बसून बटणं दाबायची, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं. एक दिवस ड्यूटीआधी ते नऊ मजले जिन्याने चढले. मग रोजच. हळूहळू झोप लागायला लागली, माझ्यावर ओरडायलाही लागले.

पण लिफ्टमनच जिन्यावर दिसल्यावर लोकांना वाटायचं, लिफ्ट बंद पडली. तेही धापा टाकत चढायचे. मॅनेजर भडकला, "पुन्हा जिन्यावर दिसलास तर बघ!"

"साहेब, या जिन्यानं मला माणसात आणलंय. तो सुटायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे चढले. गळ्यात माझ्याकडून लिहून घेतलेली पाटी होती: "लिफ्ट ठणठणीत आहे. लिफ्टमनही."