उतारावरचा दुसरा गिअर

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी फिजिक्समध्ये नापास झाले, आणि त्याला ‘मोमेंटम’ हा एक शब्द पुष्कळसा कारणीभूत होता. शाळेत आम्ही ‘संवेग’ शिकलो होतो. वस्तुमान गुणिले वेग, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. सांगलीच्या कॉलेजात मात्र सगळं इंग्रजीत. मी शब्दकोशात ‘मोमेंट’ पाहिलं, ‘क्षण’ असा अर्थ मिळाला, आणि महिनाभर त्या धड्यात क्षण शोधत बसले. तो आपला संवेगच आहे हे कळेपर्यंत परीक्षा उरकली होती.

निकाल लागला आणि वडिलांनी माझं लग्न ठरवलं. सासर तासगावच्या बाजूला, ऊसवाल्यांचं. फिजिक्सचं पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली घालून नेलं.

नवरा फौजेत होता. घरी सासरे, सासूबाई आणि नवा घेतलेला ट्रॅक्टर. पहिल्या सुट्टीत नवऱ्यानं मला मोकळ्या रानात ट्रॅक्टर चालवायला शिकवलं, हौस म्हणून. सासरे बांधावर उभे राहून हसत होते. सुट्टी संपली, तशी ती हौसही संपली असं सगळ्यांनी धरलं. मी धरलं नाही. ड्रायव्हर जेवायला बसला की मी रानात दोन चकरा मारून यायचे.

हा ड्रायव्हर भला माणूस, माझ्याच वयाचा. पण गावाबाहेर ओढ्यावरच्या पुलाकडं जो लांब उतार आहे, तिथं तो गाडी न्यूट्रल करायचा. एकदा मी मडगार्डवर बसून शेतात चालले होते, तेव्हा त्याला म्हटलं, “गिअर काढू नका हो. गिअरात असली की इंजिन चाकं धरून ठेवतं.”

“वैनी, उताराला इंजिन कशाला जाळायचं? डिझेल वाचतंय की,” तो म्हणाला. सासऱ्यांनाही त्याचं हेच कौतुक होतं.

त्याच वर्षी ऊस तुटायला लागला. एका सकाळी भरलेला ट्रेलर कारखान्याला नेताना तो उतारावर गेला, न्यूट्रलमध्ये. मध्यावर त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक ट्रॅक्टरच्या चाकांना. ट्रेलरला ब्रेकच नव्हता. ट्रॅक्टर अडला, मागचा ऊस कशाला अडतोय? ट्रेलरनं ट्रॅक्टर आडवा ढकलला आणि दोन्ही बाभळीत जाऊन पडले. ड्रायव्हरनं उडी मारली म्हणून वाचला. हात मोडला, त्याला मिरजेला नेलं.

ट्रॅक्टर आणि ट्रेलर चार दिवसांत दुरुस्त होऊन दारात आले, पण चालवायला कुणी नाही. ऐन हंगामात रिकामा ड्रायव्हर कुठं मिळणार? तोडलेला ऊस रानात वाळत होता.

“मी नेते,” मी जेवताना म्हणाले.

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. सासरे म्हणाले, “पोरी, आत्ताच एक जण हात मोडून पडलाय. तुझं काय झालं तर लेकाला मी काय लिहू?”

ते ‘बाईमाणूस’ म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांना भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. मलाही वाटत होती. मी ट्रंक उघडून पुस्तक काढलं. संवेगाच्या पुढचाच धडा, कार्य आणि ऊर्जेचा. आता नीट कळत होता, कारण कुठल्या उतारासाठी वाचतेय ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना ट्रॅक्टरवर बसवून माळावर घेऊन गेले. चुन्याच्या फक्कीनं एक आडवी रेघ मारली. नवऱ्याचं घड्याळ त्यांच्या हातात दिलं. शंभर पावलं वीस सेकंदांत कापायची अशा वेगानं आले, रेघेवर ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला तिथं सासऱ्यांनी पावलं मोजली. चार. मग गिअर वाढवून दुप्पट वेगानं आले, शंभर पावलं दहा सेकंदांत.

“आता किती व्हतील, मामा?” मी विचारलं.

“आठ. फार तर नऊ.”

भरली पंधरा. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. सोळा भरली.

“वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते,” मी म्हटलं. “ती सगळी ब्रेकनं खायची. ब्रेकचा जोर तेवढाच, म्हणून अंतर चौपट.”

मग ट्रॅक्टरच्या वजनाएवढे दगड होतील असा अंदाज धरून ट्रेलर भरला आणि हळू वेगानंच आले. तरी थांबायला नऊ पावलं लागली. ट्रेलर जोरात घेऊन यायची माझी हिंमत नव्हती. त्याचा हिशोब मी मातीत काडीनं मांडून दाखवला. तीस पावलांच्या वर. आणि हे सपाटीला. उतारावर तर प्रत्येक पावलागणिक वेगात भर.

सासऱ्यांनी रेघेकडं बघत विचारलं, “मग उतरायचं कसं?”

“वरच थांबायचं. दुसरा गिअर घालायचा आणि खालपर्यंत काढायचा न्हाई. उतारानं दिलेली ऊर्जा इंजिन फिरवण्यात जिरते, ब्रेकवर सगळा भार येत नाही. आणि ट्रेलर पाऊणच भरायचा.”

“दोन खेपा जास्त व्हतील.”

“व्हऊ द्या.”

“मग मी मडगार्डवर बसणार,” ते म्हणाले.

पहिल्या खेपेच्या सकाळी उताराच्या माथ्यावर मी गाडी थांबवली. दुसरा गिअर घातला, क्लच सोडला. इंजिन ओरडायला लागलं. मागून ट्रेलरचा दाब पाठीत जाणवावा इतका स्पष्ट होता, पण ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं उतरत राहिला. मागून एक सायकलवाला आला, पुढं निघून गेला. सासरे दोन्ही हातांनी मडगार्ड धरून मागं ट्रेलरकडं बघत होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, “इंजिन लय बोंबलतंय गं.”

“बोंबलू द्या मामा, ते काम करतंय.”

कारखान्याच्या काट्यापाशी गाडीवान आणि ड्रायव्हर उठून बघायला लागले. मी खाली मान घालून रांगेत ट्रॅक्टर लावला. तो हंगाम मीच काढला. आमचा ड्रायव्हर हात गळ्यात बांधून आला आणि दोन दिवस माझ्या शेजारी बसून उतार बघत राहिला. हात बरा झाल्यावर तोही दुसऱ्या गिअरात उतरू लागला.

उन्हाळ्यात सासरे स्वतःच म्हणाले, “आता लायसन काढ. बिनलायसनचं किती दिवस?” ड्रायव्हरला ट्रॅक्टर-ट्रेलर घेऊन पुढं पाठवलं आणि आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “ट्रेलर मागं घेऊन त्या दोन दगडांमधून काढा.” पहिल्यांदा ट्रेलर डावीकडं वळला. दुसऱ्यांदा दगडाला घासला. साहेबांनी कागद मिटला. “अजून एकदा,” मी म्हणाले, आणि ते काही बोलायच्या आत गिअर घातला. तिसऱ्यांदा ट्रेलर मधोमध बसला. साहेबांनी मिटलेला कागद पुन्हा उघडला आणि सही केली.