सावे सरांचा न मोडणारा पूल

चिंचणीचे कमलाकांत सावे सातपाटीच्या शाळेत विज्ञान शिकवत, असं म्हटलं तर ते स्वतःच रागावले असते. ते शिकवत नसत, मोडायला लावत. 'बल' हा धडा आला की पुस्तक मिटायचं, दोन बाकं दोन हात अंतरावर ठेवायची आणि फर्मान निघायचं, "बांबूच्या कामट्या घ्या, जाळ्याची दोरी घ्या, पूल बांधा. मग मोडा. कुठे मोडतो ते बघा, म्हणजे बल कुठून जातं ते कळेल."

या विद्येत अडचण एकच होती. सातपाटी हे कोळ्यांचं गाव, तिथली पोरं चालायच्या आधी जाळ्याची गाठ मारायला शिकतात. त्यांचे पूल मोडतच नसत. वर्गात न मोडलेल्या पुलांची रास झाली होती. पावसाळ्यात मुख्याध्यापक तिच्यावर छत्री वाळवत.

१९८४ साली तक्रार वर गेली, सावे पुस्तक उघडत नाहीत. तपासणीला साहेब आले. धडा पटला नाही तर बदली ठरलेली. सरांना गाव सोडायचं नव्हतं. इतकी हट्टी पोरं त्यांना आणखी कुठे मिळणार?

पूल टेकवलेल्या दोन बाकांपैकी एकाच्या टोकाला साहेब बसले. "हं, दाखवा बल."

वर्गातल्या नलूने आणि तिच्या मैत्रिणींनी बांधलेल्या पुलावर सर चढले. पूल ढिम्म. पण सरांचं वजन ते काय! त्यांनी दारावरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेल्या साखरबाईला हाक मारली.

"साखरबाई, जरा यावर बसता का?"

"पाटीसकट का पाटीबिगर, मास्तर?"

"पाटीसकट!"

साखरबाई पापलेटांसह ऐसपैस बसली. पूल तसाच.

"मोड रे बाबा," सर पुटपुटले.

"मोडंल कसा? पोरींनी मारलेली गाठ हाय, दादल्याचा शब्द नाय!"

सरांनी हताश होऊन तिच्याशेजारी बसकण मारली. कडाड्! बाकाचा पाय गेला, आणि पूल, पापलेटं, सर, साखरबाई व साहेब एकदमच जमिनीवर आले.

नलूने वाकून पूल तपासला. "पूल धड हाय, साहेब. बल बाकात गेलं. बाकातनं तुमच्यात आलं."

साहेबांनी मांडीवरचं पापलेट उचलून पाटीत ठेवलं. मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं, "मग बदली कुठे करायची?"

"कुठेही नको," साहेब कंबर धरत म्हणाले. "दुसऱ्या शाळांची बाकं अजून धड आहेत."

सर तिथेच निवृत्त झाले. तोवर पूल एकही मोडला नाही. त्यांच्या तासाची तपासणी मात्र साहेब कायम उभ्यानेच करत.