लेकरांचा प्रश्न न मोडणाऱ्या अक्का

वाळूजच्या आमच्या शाळेत चाचणी परीक्षा चालू होती आणि मी आठवीच्या वर्गावर होते. शिपाईमामांनी दारातूनच खूण केली, "मॅडम, घरून फोन आहे." पुतण्या होता. एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली..." सकाळी अंगणवाडीचं आवार झाडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्षभरापूर्वी निवृत्त झालेली बाई आवार झाडायला कशाला गेली, हे भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं. आमच्या घरात कुणालाच तो प्रश्न पडला नाही. अक्का रोजच जायच्या.

रुखमाअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पडेगावच्या पुढं आमची वस्ती आहे, तिथंच त्यांची अंगणवाडी. माहेरी मेंढरं होती. त्यांच्यामागं फिरता फिरता सातवीपर्यंतची शाळा तीन गावांत तुकड्या-तुकड्यानं झालेली. लग्नानंतर त्या मदतनीस म्हणून लागल्या, बाहेरून दहावी दिली आणि सेविका झाल्या. मी शहरात वाढलेली, बी.एस्सी., बी.एड. लग्न होऊन आले तेव्हा एक गोष्ट मला खटकायची. लेकरानं काहीही विचारलं की अक्का म्हणायच्या, "मला बी नाय ठावं. चल बघू." गोगलगाय काय खाते, सावली कुठं जाते, सगळ्याला हेच. मला वाटायचं, बाईला खरंच काही माहीत नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं खरं.

पुढं नोकरीसाठी आम्ही वाळूजला राहायला गेलो. माझी मुलगी मीरा साडेतीन वर्षांची झाली, तिला जवळच्याच एका इंग्रजी बालवर्गात घातलं. दुसऱ्याच महिन्यात डायरीत शेरा आला, मुलगी वर्गात सारखे प्रश्न विचारते, घरी समज द्यावी. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळं तो शेरा मला स्वतःवरच आल्यासारखा झोंबला. मी समज दिली. "आधी लिहून पूर्ण कर, मग बोल," हे वाक्य त्या दिवसांत मी किती वेळा म्हणाले असेन... एकदा भिंतीवरची पाल खाली का पडत नाही म्हणून तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पाठीत धपाटाही घातला. दिवाळीपर्यंत मीरा शांत झाली. अक्षर सुधारलं. मला वाटलं, पोरीला वळण लागलं.

दिवाळीत वस्तीवर गेलो. चार दिवस झाल्यावर अक्कांनी मला चुलीपाशी बोलावलं. "वैशाली, पोरगी आजारी हाय का?"

"नाही हो, चांगली आहे की."

"मग चार दिवसांत एक बी गोष्ट इचारली नाय तिनं. अंगणात मुंग्या नाकतोडा वढून नेत व्हत्या, ही त्यांच्यावरून चालत गेली. खाली बघितलं बी नाय."

मी चिडले. म्हणाले, "अक्का, तुमच्या अंगणवाडीत हे चालतं. तिला पुढं टिकायचं आहे." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. पण सुट्टी संपल्यावर एके सकाळी दोन रिक्षा बदलून त्या मीराच्या बालवर्गाच्या दारात हजर झाल्या आणि पालक म्हणून तासभर मागं बसून आल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "चाळीस लेकरं, तोंडावर बोट. माझी मेंढरं बी अशी कधी उभी ऱ्हायली नाय गं." मग थांबून म्हणाल्या, "उन्हाळ्यात पोरगी माझ्याकडं धाड." माझ्याकडं पेपर तपासायचे होते, म्हणून मी हो म्हणाले. पटलं म्हणून नव्हे.

एप्रिलच्या एका शनिवारी मीराला भेटायला मी थेट अंगणवाडीतच गेले. कडुलिंबाखाली नवा माठ ठेवलेला आणि भोवती पंधरा-वीस लेकरं उकिडवी बसलेली. माठाला घाम का येतो, असं आरिफ नावाच्या पोरानं आदल्या दिवशी विचारलं होतं आणि अक्कांनी उलट त्याला विचारलं होतं, "कसं बघायचं आपुन?" कुणी म्हणालं, फडकं गुंडाळू. कुणी म्हणालं, तेल चोपडू. मीरा सगळ्यात मागं, गप्प. आठ दिवस ती अशीच बसत होती, हे मला नंतर कळलं. अक्कांनी तिला एकदाही "बोल की" म्हटलं नव्हतं. आणि त्या दिवशी, माझ्यासमोर, ती हळूच म्हणाली, "पण मोठी आई, स्टीलच्या हंड्याला घाम का येत नाही?"

मी विज्ञानाची शिक्षिका. तोंड उघडलंच, "मीरा, त्याला बाष्पी..." अक्कांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. कानाशी येऊन म्हणाल्या, "शब्द नको दिऊ. शब्द दिला की ती थांबल." मग उठल्या, घरून हंडा आणला. दोन्हींत तांबे मोजून सारखंच पाणी भरलं. सोमवारी लेकरांनी काडी बुडवून मोजलं, तर हंड्यातलं पाणी तेवढंच आणि माठातलं खाली गेलेलं. "कुठं गेलं?" म्हणून मीरानं माठाभोवतीची माती उकरून पाहिली. त्या आठवड्यात तिनं मला फोनवर इतकं विचारलं, की फोन ठेवून मी रडले.

जूनमध्ये मीराला त्या बालवर्गातून काढलं आणि वर्षभर अक्कांकडंच ठेवलं. माझ्या शाळेतले सहकारी हसले. पण अक्कांची लढाईही सोपी नव्हती. त्याच वर्षी पाळीवर जाणारे वस्तीतले बाप एकत्र येऊन म्हणाले, "बाई, लेकरं माठ बघत बसत्यात. लिहायला कधी शिकनार?" अक्का म्हणाल्या, "लिहायला बी शिकवीन. आधी इचारायला शिकू द्या. तुमी कारखान्यात मशीन बंद पडली की काय करता? आधी इचारताच ना, का बंद पडली?" तरी आठ लेकरं गेली. अक्का घरोघर फिरल्या, पाच परत आली. तीन आली नाहीत, त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. मीरा आता सहावीत आहे. ती हुशार निघाली असं मी सांगणार नाही, गणितात रडते. पण अडली की विचारते, आणि समोरचा ओरडला तरी पुन्हा विचारते. माझ्या वर्गातही आता मी उत्तर लगेच फळ्यावर लिहीत नाही.

तेराव्यानंतर मी अंगणवाडीत गेले. नव्या सेविकाताई भल्या आहेत. अवघडून म्हणाल्या, "ताई, पंचायतवाले ही खिडकी वर घ्यायची म्हणत्यात. लेकरांचं ध्यान बाहेर जातं." खोली बांधताना अक्का गवंड्याशी दोन दिवस भांडल्या होत्या आणि ही एक खिडकी त्यांनी त्याला जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर बसवायला लावली होती. मी खाली मांडी घातली. रस्ता, शेळ्या, पाण्याचा टँकर, कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर... बसल्याशिवाय यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच आठवड्यात खिडकी आहे तशीच ठेवावी म्हणून मी अर्ज लिहिला, त्या वर्षी अक्कांशी भांडायला आलेल्या बापांपैकी चौघांच्या आणि चाळीस आयांच्या सह्या घेतल्या आणि ग्रामपंचायतीत जाऊन पोच घेऊन आले. अजून तरी गवंडी आला नाही. आलाच तर मी दारात उभी राहीन. त्या खिडकीचे गज वर अजून काळे, खडबडीत आहेत आणि खाली, लेकरांच्या मुठी पोचतात तिथं, घासून घासून चांदीसारखे लख्ख झालेत.