डोरीनबाईचं बिनमसाल्याचं हॉटेल

किस्से फ्रीजमधल्या डब्यांसारखे असतात. एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात. आता गुडघे गेलेत, बसल्या जागी हेच एक काम उरलंय.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. ग्रीन कार्डवर अमेरिकेत, पिस्कॅटवेला मुलाकडे आलो. घरात बसून डोकं फिरलं, म्हणून डोरीनबाईच्या हॉटेलात स्वयंपाकी लागलो. बाई इंग्लंडची, साठीची, जेवण अस्सल इंग्लिश. तिथल्या पेपरात एकाने लिहिलं होतं, इंग्लिश जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. तेव्हापासून रविवारीसुद्धा टेबलं रिकामी. बाईने त्याला पत्र टाकलं, की एकदा माझ्याकडे जेव, मग बोल. उत्तर येईना. आणि असंच चाललं असतं तर हॉटेलला टाळं लागलं असतं.

*

पहिल्याच दिवशी मी वाटाण्यांना मोहरी-लसणाची फोडणी दिली. नागपूरला मेस चालवलेला माणूस मी, हात थांबतोय होय! बाईने उभ्या उभ्या वाटीभर खाल्ले.

"छान झालेत," म्हणाली. "आता माझे वाटाणे कर."

*

पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं यायची. खिशात ठेच्याची बाटली. ताट आलं की चव न घेताच वर ठेचा. मला राग यायचा. एकाला म्हटलं, "अरे, सासुरवाडीत तरी आधी घास घेतोस की नाही?"

"काका, तिकडेपण बाटली नेतो."

*

कोबीत मात्र चूक बाईची. तासभर उकळायची. मी तोंडावर सांगितलं, "बाई, कोबी मेला. आता पुरा."

दोन दिवस कोबी तसाच तासभर उकळला. तिसऱ्या दिवशी शेगडीपाशी येऊन उभी राहिली. किती वेळ ठेवायचा, विचारलं. मी पाच मिनिटं म्हटलं. तेवढाच ठेवला, चाखला आणि माझ्यावरच भडकली.

"साठ वर्षं हे मला कोणी सांगितलं का नाही?"

*

शेजारचा गॅरेजवाला गोरा रोज सांगायचा, इंग्लिश जेवणाला चव नसते. सांगताना रोस्टचा, म्हणजे भाजलेल्या मटणाचा, तिसरा तुकडा तोंडात. मी विचारलं, इंग्लंडला कधी गेलावता? म्हणे, छे, ऐकलंय.

आपली माणसंही तीच. बदनामी करायला जीभ कशाला लागते? कान पुरतात.

*

शेवटी तो पेपरवाला फोन करून आला. एकटाच. रोस्ट खाल्लं, चेहरा दगडाचा. वहीत काहीतरी खरडलं. मग राइस पुडिंग मागवलं. म्हणजे आपली खीरच, पण ओव्हनमध्ये भाजलेली. वर तपकिरी साय धरते, भांड्याच्या कडेला चिकटते. मुलगा आदल्या दिवशी म्हणाला होता, "बाबा, वेलदोडा टाका यार, कुणाला कळतंय." मी टाकला नाही. खीर बाईची होती.

बाईला बाहेर बघवेना. मला दाराशी उभं केलं. मी फटीतून पाहिलं.

"काय करतोय?"

"भांडं रिकामं आहे. कडेची साय काढतोय."

"चमच्याने?"

"नाही. चमचा बाजूला पडलाय. इकडेतिकडे बघतो आणि बोटाने काढतो."

बाई पिठाच्या पोत्यावर बसली. एप्रनने तोंड पुसलं.

"मग लिहू दे त्याला काय लिहायचंय ते."