ग्लेनिसला बसवत नाही

एकतीस वर्षं ग्लेनिस आल्डरसनने रीथ गावात आणि वरच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलं. निवृत्त होऊन सात आठवडे झाले, तरी पहाटे पाचला डोळे टक्क उघडत आणि पांघरुणाखाली पाय चुळबुळत. स्वयंपाकघरातली फडताळं तिने तीनदा आवरली, तेव्हा नवरा, कीथ, हात जोडायच्या बेतात आला.

"बाई गं, कुठंतरी जा. नाहीतर माझ्याच कपाळावर तिकीट चिकटवशील."

मंगळवारी तिने जुनी मोटरसायकल काढली. कील्ड गावापर्यंत गाडीवर, मग धबधब्यावरून माळावर चालत चढायचं आणि नदीकाठाने परतायचं, असा बेत. चार तासांची वाट तिने अडीच तासांत संपवली. चीजचं सँडविचही चालताचालताच खाल्लं. मेंढ्या रवंथ करत तिच्याकडे बघत होत्या. एका भिंतीशी ती टेकलीही. पण लगेच उठली. पाठीवरची पिशवी हलकी आहे, म्हणजे कुणाचं तरी पत्र घ्यायचंच राहिलं, असं उगाच वाटत राहिलं.

परतताना चढावर गिअर बदलायला पाय उचलला, तर खाली काहीच नाही. गिअरचा दांडाच गळून पडला होता. गाडी भिंतीला लावून ती रस्ता न्याहाळत मागे निघाली. पाऊण मैलावर गवतात दांडा सापडला, तो बसवायचा बोल्ट मात्र नाही.

परत येते तो गाडीपाशी विल्फ उभा. ऐंशीचा मेंढपाळ, तिच्या टपालाच्या फेरीतलं शेवटचं घर त्याचं.

"काय गं पोरी, गाडी तू चालवतेस की गाडी तुला?"

त्याने खिशातून तंबाखूचा डबा काढला. आत नुसते बोल्ट. एकेक लावून पाहू लागला, सावकाश. ग्लेनिस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

"विल्फ, तो लांबडा लावून बघ ना."

"त्याचीही पाळी येईल." त्याने मान वर केली नाही. "इतकी वर्षं दारात आलीस, एकदा तरी बसलीस का?"

"वेळ कुठं होता?"

"आता आहे ना?"

"तीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली.

नववा बोल्ट बसला. त्याने तो पान्याने आवळला, दांडा हलवून पाहिला आणि तिच्या थर्मासातला चहा मागितला. दोघं भिंतीवर बसले. एक कप संपेतो ती बसली. दुसरा त्याने ओतला, तेव्हा मात्र उठलीच.

"पळ," विल्फ हसला. "फक्त दांड्यावर फार जोर देऊ नकोस."

रीथच्या चौकात घराकडे डावीकडे वळायचं होतं. ती सरळ गेली, घाट चढून पलीकडच्या खोऱ्यात. कीथला फोन केला तो थेट तिकडच्या चहाच्या दुकानातून.

"गाडी मोडली होती," ती म्हणाली. "उशीर होईल."

"आता ठीक आहे ना?"

"गाडी ठीक आहे."